गागोद्याचा फणस

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात आणि रोहा म्हटले की चिंतामणराव देशमुख. पण याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 11 सप्टेंबर 1895 रोजी विनायक नरहर भावे जन्माला आले, हे नव्या पिढीला मुद्दाम सांगावे लागते. त्यांच्यानंतर चारच महिन्यांनी देशमुखांचा जन्म झाला आणि दोघेही 1982 मध्येच, सहा आठवड्यांच्या अंतराने, गेले. एकाने देशाची तिजोरी सांभाळली, दुसरा पायी हिंडत जमीन मागत राहिला. माझे सारे आयुष्य बँकेत गेले, म्हणजे मी देशमुखांच्या बाजूचा. तरी उतारवयात मनात घोळतात ते विनोबाच.

विनोबांचे बालपण आजोबांच्या छायेत गागोद्याला गेले. अंगणातला फणस पिकला की आई, रुक्मिणीबाई, आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गरे पोचवायला लावी. घरच्यांची पाळी त्यानंतर. पुढे वडिलांच्या नोकरीमुळे मंडळी बडोद्याला गेली. 1916 मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला गाडीतून उतरला आणि काशीला गेला. तिथून गांधीजींच्या आश्रमात. पुढे वर्धा, पवनार, तुरुंगवास, आईच्या इच्छेखातर लिहिलेली ‘गीताई’, 1940 मधला पहिला वैयक्तिक सत्याग्रही हा मान. हे सारे आपण शाळेत वाचलेलेच आहे.

मला थांबायचे आहे ते 18 एप्रिल 1951 या दिवसापाशी. तेलंगणातल्या पोचमपल्लीत चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमिनीची गरज सांगितली. विनोबांनी सरकारकडे अर्ज करण्याआधी गावालाच विचारले. रामचंद्र रेड्डी उठले आणि शंभर एकर देतो म्हणाले. इथून तेरा वर्षांची पदयात्रा सुरू झाली. त्याच वर्षी नियोजन मंडळाशी बोलायला विनोबा पवनारहून दिल्लीला पायी गेले, तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते रोह्याचे देशमुख!

1952 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठने एक पाऊल पुढे टाकले. तिथे अवघे गावच दान झाले. ग्रामदानाची पुढे ठरलेली सोपी रीत अशी : गावातल्या पाऊणशे टक्के जमीनमालकांनी संमती द्यायची, मालकी ग्रामसभेच्या नावे करायची, विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा. उरलेली जमीन ज्याची तोच कसणार, त्याची मुलेही कसणार. मात्र गावाला डावलून ती बाहेरच्याला विकता येणार नाही. महाराष्ट्रात 1964 मध्ये तसा कायदाही झाला.

बँकवाल्याच्या मनात इथे लगेच शंका येते. जमीन गहाण टाकता आली नाही, तर शेतकऱ्याला कर्ज कोण देणार? शंका खोटी नव्हती. आणखीही गोष्टी आडव्या आल्या. भूदानात चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन मिळाली, पण तिच्यातली बरीचशी खडकाळ किंवा वादातली निघाली. तिचा मोठा भाग वाटलाच गेला नाही. भरल्या सभेत दिलेली संमती विनोबा पुढच्या गावी गेले की अनेकदा विरून जाई. कर्जाच्या कागदांवर भावाभावांच्या सह्या घेताना मीही हे पाहिले आहे. सही घेणे एका दुपारचे काम, पण ती सही मनापासूनची राहावी यासाठी वर्षानुवर्षे घरोघर जावे लागते. विनोबांकडे चालण्याचे बळ अफाट होते, पण मागे राहून गाव सांभाळणारी माणसे पुरेशी नव्हती.

तरी बी वाया गेले नाही. ते दूर जाऊन रुजले. भूदान-ग्रामदानाच्या विचारातून स्फूर्ती घेतलेल्या रॉबर्ट स्वान आणि त्यांच्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांनी 1969 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात सामाईक मालकीच्या जमिनीचा प्रयोग केला. ती जमीन पुढे कर्जापायी गेली, पण विचार टिकला. 1984 मध्ये बर्लिंग्टन शहरात त्याच धर्तीवर घरांचा ट्रस्ट उभा राहिला. जमीन ट्रस्टची, घर राहणाऱ्याचे. घर विकताना नफ्याचा थोडाच वाटा मालकाला, म्हणजे पुढच्या गरजू कुटुंबालाही ते परवडावे. घरच्या माणसांआधी शेजाऱ्याकडे गरे, तसेच हे. इकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2013 मध्ये 1964 च्याच कायद्याचा आधार घेऊन ग्रामदानाचा निर्णय केला. तिथे सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा करीत राहण्याची जुनी सवय होती, हे विसरून चालणार नाही.

आणि खुद्द पेण? 21 सप्टेंबर 2008 रोजी तालुक्यातल्या बावीस गावांत विशेष आर्थिक क्षेत्राला जमीन द्यावी की नाही, यावर मतदान झाले. शेतकऱ्याला रांगेत उभे करून त्याची मर्जी विचारली गेली, हीच मोठी गोष्ट. 2024 मध्ये अटल सेतू झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. भातखाचरांशेजारी प्लॉटचे फलक दिसतात. गावच्या मुलाला गावात घर परवडेल का, हा प्रश्न आता पेण-रोह्याच्या ओट्यावर येऊन बसला आहे.

त्याचे तयार उत्तर विनोबांच्या चरित्रात सापडणार नाही. सापडेल ती उत्तराकडे जाण्याची पद्धत : आधी गावात जावे, ओसरीवर बसावे, नकार देणाऱ्याचेही ऐकून घ्यावे, आणि होकार मिळाल्यावर तिथून उठून जाऊ नये. पहिल्या तीन गोष्टी विनोबांनी करून दाखवल्या. चौथी त्यांच्याकडून राहिली. ती आता आपल्याकडे आली आहे.