जादूगार रघुवीर : ‘स्कोप’ नसलेलं करिअर

राणीसावरगावहून एसटीनं गंगाखेडला कॉलेजला येत असाल किंवा परभणीत रूम करून राहत असाल, एक प्रश्न तुमची पाठ सोडत नाही. यात पुढं स्कोप काय? नाटक म्हणा, गाणं म्हणा, चित्रकला म्हणा, प्रश्न तोच. आता समजा, घरी सांगितलं की मला जादूगार व्हायचंय. काय होईल ते तुम्हीच ठरवा. आणि हेच 80 वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर?

रघुवीर भोपळे यांनी तेव्हा हीच वाट धरली. 24 मे 1924 ला चाकणजवळच्या आंबेठाण गावात त्यांचा जन्म झाला. शिक्षण झालं पुण्यात, अनाथ विद्यार्थी गृहात. 1909 मध्ये सुरू झालेली ही संस्था गरीब मुलांच्या राहण्याची आणि शिकण्याची सोय करायची. तिथली मुलं त्या काळी माधुकरी मागून शिकायची. अशा पोरानं चार बुकं शिकावी आणि नोकरीला चिकटावं, एवढीच अपेक्षा.

पण रघुवीरांना नाद लागला जादूचा. राणा या राजस्थानी जादूगाराकडून ते ही विद्या शिकले. क्लास नव्हते, व्हिडिओ तर नव्हतेच. गुरूजवळ राहायचं, बघायचं आणि हात बसेपर्यंत तेच तेच करत राहायचं.

तेव्हा जादू म्हटलं की लोकांना आठवायचा तो रस्त्यावरचा गारुडी नाहीतर मदारी. टोपलीतून मुलगा गायब करणारी, आंब्याच्या कोयीतून झाड उगवून दाखवणारी ही माणसं हाताची पक्की होती. पण खेळ संपला की फडकं पसरायचं आणि पडेल ते घ्यायचं. कसब मोठं, मान काहीच नाही. त्याच पिढीत बंगालमधून पी. सी. सरकार मोठा स्टेज शो घेऊन जगभर निघाले. 1956 मध्ये बीबीसीवरच्या त्यांच्या प्रयोगानं इंग्लंड हादरलं होतं. आपल्याकडं जादू थिएटरात नेली ती रघुवीरांनी. मराठी माणूस तिकीट काढून, पोराबाळांसकट जादू बघायला जाऊ लागला. पुढं रशिया, इंग्लंड, जपान, आफ्रिका असे 27 देश ते फिरले. या भटकंतीवर ‘प्रवासी जादूगार’ नावाचं पुस्तकही लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, ट्रिक काय, रीलवर दोन मिनिटांत कळते. खरंय. मग एक करून बघा. तळव्यात नाणं लपवा आणि मित्रासमोर दुसरी, रिकामी मूठ उघडून दाखवा. बहुतेक वेळा तुम्ही पकडले जाल. कारण तुमची नजर लपवलेल्या नाण्याकडं जाते आणि तुम्ही बघाल तिथंच समोरचा बघतो. जादूगार रिकाम्या मुठीकडं अशा विश्वासानं बघतो, की नाणं तिथंच आहे असं सगळ्यांना वाटतं. सोबत तोंडानं गप्पा चालू, दुसरा हात अगदी सैल. युक्ती कळायला दोन मिनिटं पुरतात, हा सैलपणा यायला वर्षं जातात. रघुवीरांनी ती वर्षं दिली होती. तीही पुढं काय होणार याची कुणी खात्री दिलेली नसताना.

20 ऑगस्ट 1984 ला, साठाव्या वर्षी ते गेले. पण खेळ थांबला नाही. मुलगा विजय आणि नंतर नातू जितेंद्र यांनी रघुवीर हेच नाव लावून स्टेज सांभाळलं. ज्या कामात स्कोप नाही म्हणतात, त्यावर एका घराच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या.

म्हणून लगेच कॉलेज सोडून पत्ते पिसत बसू नका. रघुवीरही आधी शिकलेच होते. फक्त पुढच्या वेळी कुणी स्कोपचं विचारलं, की आधी स्वतःला विचारा, ज्याचा नाद आहे म्हणता, त्याची आज किती वेळ प्रॅक्टिस केली?