तंजावरचे सरफोजी राजे

बालवर्गातून हात धुण्याचे, रांगेत उभे राहण्याचे किंवा वडीलधाऱ्यांना नमस्कार करण्याचे गाणे कानी पडले की मला हटकून तंजावर आठवते. गात-गात शिकवण्याची रीत आपल्याकडे परदेशी बालवाड्यांतून आली, असे समजण्याचा प्रघात आहे. सरफोजी राजांचे चरित्र वाचल्यावर तो समज टिकत नाही.

राजांचा जन्म १७७७ सालचा. तुळजाराजांनी त्यांना दत्तक घेतले आणि १७८७ मध्ये ते निवर्तले. गादी अमरसिंहांकडे गेली. दहा वर्षांच्या दत्तकपुत्राच्या वाट्याला कोंडमारा आला, शिक्षणही खुंटले. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या खटपटीने १७९३ मध्ये त्यांना मद्रासला नेण्यात आले व तेथे अभ्यासाची घडी बसली. १७९८ मध्ये राज्य मिळाले खरे, परंतु पुढच्याच वर्षीच्या तहाने कारभार कंपनीच्या हाती गेला. हाती उरले किल्ला, तनखा आणि विद्येची ओढ.

ही ओढ त्यांनी मुलांपर्यंत नेली. 'नवविद्याकलानिधि' शाळा काढली, देवनागरी छापखाना उभारला. इसापाच्या नीतिकथांचा मराठी अनुवाद 'बालबोधमुक्तावली' १८०६ मध्ये तेथेच छापला गेला. कावेरीकाठी मराठी मुलांना कोल्ह्या-कावळ्यांच्या तोंडून शहाणपण शिकता येत होते!

मला अधिक मोह पडतो तो त्यांच्या 'देवेंद्र कुरवंजी'चा. कुरवंजी हा मूळ तमिळ नाट्यप्रकार. भविष्य सांगणारी डोंगरातली कुरत्ती येते, नाचते, आपला मुलूख गाण्यांतून वर्णन करते. राजांनी तिला मराठी बोलायला लावले आणि तिच्या झोळीत अवघ्या पृथ्वीचा भूगोल घातला. खंडे, देश, नद्या ती गात जाते. नकाशा पाठ करताना रडकुंडीला येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी याहून दयाळू युक्ती कोणती? ज्याचे स्वतःचे बालपण अभ्यासाविना गेले, त्यालाच हे सुचावे, असे मला वाटते.

१८३२ मध्ये राजे निवर्तले. सरस्वती महालातील ग्रंथसंग्रह त्यांनी काशीयात्रेतही वाढवला होता. ती कुरवंजी त्याच महालाने जपली आणि पुढे छापलीही. आमच्या ग्रंथालयात मात्र तिची प्रत अद्याप नाही.