पुस्तकातली ॲना ओ. बरी झाली, खरी बर्था मात्र सॅनेटोरियममध्ये होती

१८८० चा उन्हाळा. व्हिएन्नाचं श्रीमंत ज्यू पापेनहाइम कुटुंब सुट्टीवर गेलं आणि तिथेच वडील आजारी पडले. रात्र रात्र जागून त्यांच्या उशाशी बसायचं काम २१ वर्षांच्या बर्थाकडे आलं. मुलगी हुशार, इंग्रजी-फ्रेंच-इटालियन येणारी. पण शाळा १६ व्या वर्षीच संपलेली.

काही महिन्यांत बर्थानेच अंथरूण धरलं. आधी खोकला, मग उजवा हात लुळा पडला, नजरेत गडबड झाली. मध्येच ती आपली जर्मन भाषा विसरली आणि फक्त इंग्रजीत बोलू लागली. घटकेत शांत, घटकेत उशा फेकणारी. मधला वेळ कुठे गेला, हे तिला सांगता यायचं नाही. एप्रिल १८८१ मध्ये वडील गेले आणि सगळं आणखी बिघडलं.

आता कुणीही म्हणेल, नाटकं करत असेल. पण हात खरंच हलत नव्हता. तेव्हाच्या डॉक्टरांकडे यासाठी एकच शब्द होता, हिस्टेरिया. आज हाता-पायाच्या अशा लक्षणांना कन्व्हर्जन डिसऑर्डर म्हणतात आणि वेळ हरवण्याला डिसोसिएशन. मनावरचा ताण अनेकदा यामागे असतो, पण माणूस ही लक्षणं मुद्दाम आणत नाही. बर्थाला फिट्सचा आजार असावा, असंही काही डॉक्टरांनी नंतर मांडलं.

तिच्यावर उपचार करत होते डॉ. योसेफ ब्रॉयर. एकदा उन्हाळ्यात तहानेने जीव कासावीस असूनही तिला पाणी पिता येईना. कित्येक आठवडे तिने फळांवर काढले. संमोहनात असताना तिने आठवण सांगितली: सोबतीला असलेल्या बाईंचं कुत्रं ग्लासातून पाणी पिताना दिसलं होतं. शिसारी आली, पण सभ्यतेपोटी ती गप्प राहिली. ब्रॉयरच्या नोंदीनुसार, हे बोलून झाल्यावर तिने पाणी मागितलं. बोलण्याने इलाज होतो, ही कल्पना इथून पुढे आली. ब्रॉयरने ही केस मित्राला सांगितली. तो मित्र म्हणजे सिग्मंड फ्रॉइड.

१८९५ मध्ये दोघांच्या पुस्तकात ती ॲना ओ. या नावाने आली, जवळपास यशकथा म्हणूनच. पुस्तकाने एक गोष्ट गाळली. जुलै १८८२ मध्ये, म्हणजे ब्रॉयरचे उपचार संपल्यावर लगेचच, बर्था स्वित्झर्लंडच्या बेलव्ह्यू सॅनेटोरियममध्ये दाखल झाली होती. चेहऱ्यात असह्य कळा आणि त्यावर दिलेल्या मॉर्फिनची सवय. ही कागदपत्रं १९७० च्या दशकात उजेडात आली. सॅनेटोरियमच्या वाऱ्या पुढेही काही वर्षं सुरू होत्या. तिला कशाने बरं वाटलं, हे कुठल्याच पुस्तकात धड सापडत नाही.

१८८८ मध्ये ती आईसोबत फ्रँकफर्टला गेली. तिथे आधी गरिबांसाठीच्या स्वयंपाकघरात काम केलं, मग मुलींचं अनाथालय चालवलं. १८९९ मध्ये मेरी वोलस्टोनक्राफ्टचं स्त्री हक्कांवरचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची देशव्यापी संघटना उभारली. १९०७ मध्ये नॉय-इझेनबुर्गला कुमारी माता आणि देहविक्रीच्या सापळ्यात सापडू शकणाऱ्या मुलींसाठी घर उघडलं. मुलींच्या खरेदी-विक्रीविरुद्ध ती देशोदेशी फिरली. व्हिएन्नातल्या त्या दिवसांबद्दल मात्र ती बोलत नसे.

१९३६ मध्ये गेस्टापोने तिला चौकशीला बोलावलं. त्याच वर्षी मे महिन्यात ती गेली. १९३८ मध्ये नाझींनी तिच्या त्या घरावर हल्ला केला, १९४२ मध्ये ते बंद पाडलं.

ॲना ओ. म्हणजेच बर्था, हे फ्रॉइडच्या चरित्रकाराने १९५३ मध्ये उघड केलं. तिच्या जवळच्या लोकांना ते आवडलं नाही. पुढच्याच वर्षी पश्चिम जर्मनीने तिच्या चेहऱ्याचं पोस्टाचं तिकीट काढलं, तिच्या समाजकार्यासाठी.