मनोविकारांचा अभ्यासक : स्पिनोझा

काम, क्रोध, लोभ हे मनुष्याचे शत्रू होत, असे थोरांनी पुष्कळदा सांगितले आहे. परंतु हे विकार मनात का उत्पन्न होतात, याचा शास्त्रीय दृष्टीने शोध घेणारे पूर्वी फार थोडे होते. बारुख स्पिनोझा हा त्यांपैकी एक होय.

२४ नोव्हेंबर १६३२ रोजी हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरी एका ज्यू व्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. धार्मिक छळामुळे पोर्तुगाल सोडून हे घराणे परागंदा झाले होते. बालपणी त्याने धर्मग्रंथांचे अध्ययन केले. पण कोणतेही मत तर्काच्या कसोटीस लावल्यावाचून स्वीकारण्यास तो तयार होईना. अखेर १६५६ साली समाजाने त्याच्यावर बहिष्कार घातला. त्याच्याशी बोलण्याची व त्याचे लेखन वाचण्याचीही बंदी झाली. त्या वेळी तो अवघा तेवीस वर्षांचा होता.

स्पिनोझा डगमगला नाही. दुर्बिणीची व सूक्ष्मदर्शकाची भिंगे घासण्याचे काम करीत तो साधेपणाने राहू लागला व फावल्या वेळात ग्रंथलेखन करू लागला. १६७३ साली हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केले. परंतु विचारस्वातंत्र्यावर मर्यादा येईल, म्हणून त्याने ते नम्रपणे नाकारले.

'नीतिशास्त्र' हा त्याचा मुख्य ग्रंथ. मनुष्य निसर्गाचाच अंश आहे. म्हणून दगड खाली पडण्यास जसे कारण असते, तसे क्रोधासही असते, असे त्याने प्रतिपादिले. मनोविकारांची निंदा न करता, भूमितीतील आकृत्यांप्रमाणे शांतपणे त्यांचा विचार करावा, असा त्याचा आग्रह होता. प्रत्येक जीव आपले अस्तित्व टिकविण्यासाठी धडपडतो; ही धडपड सफल झाली की आनंद होतो, खुंटली की दुःख होते. ज्याच्यामुळे दुःख झाले असे वाटते, त्याचा आपण द्वेष करतो. विकाराचे कारण नीट उमगले, की त्याची पकड सैल होते.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी स्पिनोझा हेग शहरी निवर्तला. हयातीत न छापलेला हा ग्रंथ मित्रांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. पुढे त्यावर बंदी आली. तथापि विचार नष्ट झाला नाही. एकोणिसाव्या शतकात योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने शरीरक्रियांवरील आपल्या ग्रंथात स्पिनोझाचे मनोविकारांचे विवेचन समाविष्ट केले. विख्यात मनोविश्लेषक फ्रॉइड याने त्याचे ऋण मान्य केले. पोर्तुगालमध्येच जन्मलेले मेंदूचे संशोधक अंतोनिओ दामासिओ यांनी २००३ साली त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

ज्याच्याशी बोलण्यासही बंदी होती, त्याच्या ग्रंथाकडे मनाचे अभ्यासक आजही वळतात. राग आला असता क्षणभर थांबून त्याचे कारण शोधावे, ही त्याची शिकवण आपणासही उपयोगी पडेल.