जमशेटजी टाटा आणि नागपूरची गिरणी

परीक्षेंत मागें पडलेल्या मुलाचें सांत्वन करतांना, अपयश ही यशाची पहिली पायरी आहे असें आम्ही शिक्षक सांगत असतों. त्यांत तथ्य आहेच. परंतु उत्तीर्ण झालेला मुलगा आपण कशामुळें उत्तीर्ण झालों हें क्वचितच तपासून पाहतो. जमशेटजी नसरवानजी टाटा ह्यांच्या चरित्रांत हा प्रश्न पुनःपुन्हां उभा राहतो.

त्यांचा जन्म नवसारीस ३ मार्च १८३९ रोजीं झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतील शिक्षण आटोपून ते वडिलांच्या पेढींत शिरले. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध थांबतांच कापसाचे भाव कोसळले व पेढीवर मोठें संकट ओढवलें. त्यांतून सांवरल्यावर, १८६९ सालीं त्यांनीं चिंचपोकळीची बुडालेली तेलाची गिरणी विकत घेतली, तिची सुताची गिरणी बनविली आणि दोनच वर्षांनीं नफा घेऊन ती विकून टाकली.

पुढें लँकेशायरमध्यें जाऊन त्यांनीं कापडाचा धंदा बारकाईनें पाहिला. त्या काळीं गिरणी म्हटली कीं मुंबई, अशी समजूत होती. जमशेटजींनीं नागपूर निवडलें. वऱ्हाड व वर्ध्याचा कापूस तेथून जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि माल बाहेर नेण्यास आगगाडी होतीच. जागा मात्र दलदलीची मिळाली. तींत भर घालण्यास एवढी माती लागली कीं, हा गृहस्थ मातींत सोनें ओततो आहे असें समजून एका सावकारानें पैसा देण्याचें नाकारलें! त्यानें माती घालून सोनें काढलें, असें पुढें त्याच सावकारास कबूल करावें लागलें.

१ जानेवारी १८७७ रोजीं एम्प्रेस मिल सुरू झाली. आरंभीं घेतलेलीं स्वस्त यंत्रें कुचकामी ठरलीं. तीं बदलावीं लागलीं. व्यवस्थापक बेझनजी मेहता हे रेल्वेच्या नोकरींतून आलेले. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी ह्या इंग्रज जाणत्याकडे. रिंग चात्यांकडे लँकेशायरचे गिरणीवाले अद्याप संशयानें पाहत असतां नागपुरास त्या लागल्या. १८८६ सालीं कामगारांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधिही निघाला.

त्याच वर्षीं जमशेटजींनीं कुर्ल्याची डबघाईस आलेली धरमसी मिल साडेबारा लाखांस घेतली व तिला स्वदेशी मिल असें नांव दिलें. चिंचपोकळीचा सुखद अनुभव त्यांच्या मनांत असावा असें मला वाटतें. परंतु तेथें ते दोन वर्षांत मोकळे झाले होते. रुग्ण गिरणी बरी करून वर्षानुवर्षें चालविणें कसें असतें, हें त्या सौद्यानें त्यांना शिकविलें नव्हतें. कुर्ल्याच्या जुन्या यंत्रांनीं त्यांना जेरीस आणलें. पैशासाठीं एम्प्रेसचे कांहीं भाग विकावे लागले. अखेर उपयोगीं पडलीं तीं नागपुरास तयार झालेलीं माणसें. तीं कुर्ल्यास आलीं आणि हळूहळू गिरणी मार्गास लागली.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत बाद नौहाइम येथें वारले. त्यांच्या मनांतील पोलादाचा कारखाना तोंवर झाला नव्हता. पुढें त्यासाठीं जागा शोधतांना प्रश्न नागपूरचेच होते: कच्चा माल कोठें, कोळसा कोठें, पाणी कोठें? १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली. सुवर्णरेखा व खरकाई ह्या नद्यांच्या संगमाजवळील साकची हें गांव ठरलें, आणि १९१२ सालीं तेथें पहिलें पोलाद निघालें. १९१९ सालीं त्या गांवास जमशेदपूर हें नांव मिळालें.