डॉ. बॉब : व्यसनमुक्तांसाठी घराचे दार उघडणारे शल्यचिकित्सक

मद्याच्या आहारी गेलेल्या रुग्णाला काही काळ नेहमीच्या वातावरणातून बाहेर काढावे, त्याच्या शरीरातील मद्याचा अंमल उतरू द्यावा आणि व्यसनातून सुटलेल्या माणसांच्या सहवासात त्याला नव्याने जगण्यास शिकवावे, ही पद्धत आज अनेक देशांतील निवासी व्यसनमुक्ती केंद्रांत रूढ आहे. ती रुजवणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. रॉबर्ट होलब्रुक स्मिथ यांचे स्थान महत्त्वाचे आहे. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' अर्थात ए. ए. या संघटनेचे सहसंस्थापक असलेले डॉ. स्मिथ 'डॉ. बॉब' या नावाने ओळखले जातात. विशेष म्हणजे इतरांना व्यसनमुक्त करणारे हे डॉक्टर स्वतः तीन दशकांहून अधिक काळ मद्यपाशात अडकलेले होते.

८ ऑगस्ट १८७९ रोजी व्हर्मांट राज्यातील सेंट जॉन्सबरी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील न्यायाधीश होते आणि घरातील शिस्त करडी, धार्मिक वळणाची होती. डार्टमथ महाविद्यालयात शिकत असताना त्यांना मद्याची सवय जडली. १९०२ मध्ये पदवी घेतल्यानंतर काही वर्षे नोकरी करून ते वैद्यकीय शिक्षणाकडे वळले. परंतु व्यसन तेथेही सुटले नाही. शिकागोच्या रश मेडिकल कॉलेजात अंतिम परीक्षेच्या वेळी हात इतके थरथरत होते की त्यांनी कोऱ्या उत्तरपत्रिका परत केल्या. मद्याला स्पर्श न करता आणखी दोन सत्रे पूर्ण करण्याच्या अटीवर त्यांना पुढे संधी मिळाली आणि १९१० मध्ये ते डॉक्टर झाले.

ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात त्यांनी १९१२ मध्ये व्यवसाय सुरू केला. थोड्याच काळात व्यसनाने पुन्हा उचल खाल्ली. पुढील तीन वर्षांत ते किमान बारा वेळा आरोग्यधामात दाखल झाले. तेथे शरीर सावरत असे. पण बाहेर पडल्यावर पहिल्या पेल्यापासून दूर कसे राहावे, याचे उत्तर कोणाजवळच नव्हते. १९१५ मध्ये अ‍ॅन रिप्ले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी लागू झाल्यावर आपली सुटका होईल, अशी आशा त्यांना वाटली होती. प्रत्यक्षात डॉक्टरांना औषध म्हणून मद्य लिहून देण्याची मुभा होती. डॉ. स्मिथ दूरध्वनी पुस्तिकेतील एखादे नाव निवडून त्या नावाने चिठ्ठी लिहीत आणि बाटली मिळवीत. कोळशाच्या पेटीत, तळघराच्या तुळयांवर, एवढेच नव्हे तर पायमोज्यांतही त्यांनी बाटल्या लपवल्या. सकाळी हात स्थिर राहावेत म्हणून शामक औषध आणि रात्री झोप यावी म्हणून मद्य, असे हे चक्र वर्षानुवर्षे चालले. रुग्ण कमी झाले आणि कर्ज वाढले.

१२ मे १९३५ हा दिवस निर्णायक ठरला. न्यूयॉर्कचे बिल विल्सन व्यवसायाच्या कामासाठी अ‍ॅक्रनला आले होते. काही महिन्यांपूर्वीच मद्य सोडलेल्या विल्सन यांचा व्यवहार फसला आणि हॉटेलात एकटे असताना पुन्हा पिण्याची तीव्र इच्छा त्यांना झाली. दुसऱ्या एखाद्या मद्यासक्ताशी बोललो तरच आपण वाचू, या जाणिवेने त्यांनी शहरातील धर्मोपदेशकांना दूरध्वनी केले. त्यातून हेन्रिएटा सायबरलिंग या महिलेच्या निवासस्थानी डॉ. स्मिथ यांच्याशी त्यांची भेट ठरली. केवळ १५ मिनिटे थांबण्याच्या बोलीवर आलेले डॉ. स्मिथ रात्री ११ नंतर घरी परतले. विल्सन यांनी त्यांना उपदेश केला नव्हता. स्वतःची कहाणी सांगितली होती. मद्यपाशाचे दुःख स्वतः भोगलेला माणूस त्याविषयी बोलतो आहे, हा अनुभव डॉक्टरांना नवा होता.

तरीही सुटका लगेच झाली नाही. जूनमध्ये एका वैद्यकीय परिषदेसाठी अटलांटिक सिटीला गेले असता डॉ. स्मिथ पुन्हा मद्याच्या आहारी गेले. परतल्यावर विल्सन आणि अ‍ॅन यांनी त्यांची शुश्रूषा केली, कारण लवकरच त्यांना एक शस्त्रक्रिया करावयाची होती. त्या दिवशी सकाळी हातांचा कंप थांबावा म्हणून विल्सन यांनी त्यांना बिअरची एक बाटली दिली. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर कित्येक तास घरी आले नाहीत. ते पुन्हा मद्याकडे वळले असावेत, अशी शंका घरी येणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात ते ज्यांचे देणे होते, ज्यांना दुखावले होते, त्यांच्याकडे जाऊन चूक कबूल करीत होते. ती बिअर त्यांच्या आयुष्यातील अखेरचे मद्य ठरली. १० जून १९३५ हा तो दिवस ए. ए. चा स्थापना दिन मानला जातो. त्यानंतरही सुमारे अडीच वर्षे मद्याची ओढ त्यांना छळत राहिली, हे येथे नमूद करावयास हवे.

त्या उन्हाळ्यात विल्सन ८५५, आर्डमोर अ‍ॅव्हेन्यू येथील स्मिथ यांच्या घरीच राहिले. दोघांनी इतर मद्यासक्तांचा शोध सुरू केला आणि अनेकांना त्याच घरात आसरा मिळाला. घरावर कर्ज होते आणि उत्पन्न तुटपुंजे होते, तरी अ‍ॅन यांनी येणाऱ्यांची वरच्या खोल्यांत सोय केली आणि त्यांच्या पत्नींनाही धीर दिला. हा मार्ग निर्धोक नव्हता. सुरुवातीच्या एका पाहुण्याने तर अ‍ॅन यांच्यावर सुरी उगारली होती. तरीही दार बंद झाले नाही.

घरात किती जणांना ठेवणार आणि गंभीर रुग्णांवर उपचार कोठे करणार, हा प्रश्न होताच. मद्यासक्तांना दाखल करून घेण्यास त्या काळी रुग्णालये नाखूश असत. सेंट थॉमस रुग्णालयाच्या प्रवेश विभागात काम करणाऱ्या सिस्टर इग्नेशिया यांच्या सहकार्याने ऑगस्ट १९३९ मध्ये डॉ. बॉब यांनी एका रुग्णाला जठरदाहाचे निदान लिहून दाखल केले. त्याला फुले ठेवण्याच्या छोट्या खोलीत जागा मिळाली. पुढे मद्यासक्तांसाठी तेथे स्वतंत्र कक्ष झाला. रुग्णाचा मुक्काम साधारण पाच दिवसांचा असे. या काळात ए. ए. चे सभासदच त्याला भेटत आणि आपापली कहाणी सांगत. निरोप देताना सिस्टर प्रत्येकाला एक धार्मिक पदक देत. पुन्हा पिण्यापूर्वी ते परत आणून द्यावे, एवढीच त्यांची अट असे.

१९३९ ते १९५० या काळात डॉ. बॉब यांनी सुमारे ५,००० मद्यासक्तांवर विनामूल्य उपचार केले. १ जून १९४९ रोजी अ‍ॅन यांचे निधन झाले. जुलै १९५० मध्ये क्लीव्हलंड येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात कर्करोगाने खंगलेले डॉ. बॉब थोडाच वेळ बोलले. कार्यपद्धती साधी ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. १६ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले. भव्य स्मारकाची सूचना त्यांनी हयातीतच नाकारली होती. त्यांच्या साध्या समाधिशिलेवर ए. ए. चा उल्लेखही नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेने मद्यासक्तीला आजार म्हणून मान्यता दिली ती त्यांच्या पश्चात, १९५६ मध्ये.

भारतात ए. ए. चे कार्य १९५७ मध्ये सुरू झाले. चेन्नईत शांती रंगनाथन यांनी १९८० मध्ये, तर पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये व्यसनमुक्तीच्या संस्था उभ्या केल्या. पुण्याच्या मुक्तांगण केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले मित्रच नव्या रुग्णांना हात देतात. बारा वेळा आरोग्यधामात जाऊनही डॉ. बॉब यांना जे मिळाले नव्हते, ते हेच होते. आर्डमोर अ‍ॅव्हेन्यूवरील त्यांचे घर आज संग्रहालय म्हणून जतन करण्यात आले असून २०१२ मध्ये त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा देण्यात आला.