शरणपूरहून लंडनास गेलेला जेकब वेनराइट

नाशिकच्या शरणपूर रस्त्याने नित्य जाणाऱ्या पुष्कळांस ठाऊक नसेल की, याच शरणपुरात वाढलेला एक आफ्रिकी तरुण १८७४ साली लंडनास गेला, आणि त्या अफाट नगराचे प्रथम दर्शन त्यास एका अंत्यविधीच्या निमित्ताने घडले. त्याचे नाव जेकब वेनराइट.

जेकब हा पूर्व आफ्रिकेतील याओ लोकांपैकी. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला. इंग्रजी आरमाराने त्याची सुटका केली, व त्याच्यासारख्या इतर मुलांबरोबर त्यास शरणपूरच्या चर्च मिशनरी सोसायटीच्या आश्रमात ठेवण्यात आले. तेथे लेखनवाचनाबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदेही शिकवीत. ज्याचे घर हिरावले गेले होते, त्यास शरणपूर हे नावाप्रमाणेच आश्रयस्थान झाले.

१८७२ साली स्टॅन्लीसाहेबांनी डॉ. लिविंग्स्टन यांच्या साहाय्यास जी माणसे झांजिबारहून धाडली, त्यांत जेकब होता. १८७३ च्या मे महिन्यारंभी चितांबो नामक खेड्यात डॉक्टरसाहेबांचे देहावसान झाले. चाकरांनी देह तेथेच पुरला असता तर त्यांस कोणी दोष दिला नसता. परंतु धन्यास त्याच्या लोकांत पोचवावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. हृदय एका वृक्षाखाली पुरले. त्या वेळी जेकबने प्रार्थना वाचली आणि खोडावर नाव व तारीख कोरली. मग मीठ लावून उन्हात वाळविलेला तो देह घेऊन त्यांनी हजार मैलांहून अधिक वाट तुडविली. प्रेत पाहून लोक अडवीत, म्हणून त्यास कापडाच्या गठ्ठ्याचे रूप द्यावे लागले. सुमारे नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत, ते समुद्रकिनाऱ्यावरील बागामोयो येथे पोचले.

तेथून पुढे जेकब शवपेटीबरोबर जहाजावर चढला. सुसी व चुमा हे जुने सोबती अंत्यविधी होऊन गेल्यावरच विलायतेस पोचले. १५ एप्रिल रोजी जहाज साउथॅम्प्टनला लागले व त्याच दिवशी पेटी आगगाडीने लंडनास आली. त्या शहराची वस्ती तेव्हा बत्तीस लाखांवर होती. जमिनीखालून आगगाड्या धावत होत्या. काही महिन्यांपूर्वी रानातील पायवाटा तुडविणारा तरुण अशा नगरात उतरला, तो तमाशा पाहावयास नव्हे. डॉक्टरांनी देहाची परीक्षा केली, व सिंहाने पूर्वी मोडलेल्या डाव्या हाताच्या हाडावरून ओळख पटविली.

१८ एप्रिल रोजी रस्त्यांत दुतर्फा लोक उभे होते. जेथे आठशे वर्षे राजांस मुकुट घालीत आले, त्या वेस्टमिन्स्टरच्या मंदिरात पेटी नेली. पेटीसोबत मानाने चालणाऱ्या आठ जणांत स्टॅन्लीसाहेब, प्रवासी व विद्वान गृहस्थ होते, आणि त्यांच्या बरोबरीने जेकब होता. ज्यास एकदा मालासारखे विकावयास नेले होते, तो त्या दिवशी राजांच्या मंदिरात मानकरी झाला.

पुढे जेकब आफ्रिकेस परतला व १८९२ साली उरांबो येथे मरण पावला. लंडनमधील त्या थडग्याच्या शिळेवर विश्वासू हातांचा उल्लेख आहे, पण नाव एकाचेही नाही. त्या हातांपैकी एकास लिहावयास शरणपुरात शिकविले होते, एवढे तरी नाशिककरांनी विसरू नये.